पानापुढचं बोलणं

हौशीनं आज काय खाल्लं असेल, हा प्रश्न तीन आठवडे माझा पिच्छा सोडत नाही. शाळेत मुलींच्या वह्या तपासताना तो येतो, ताटावर बसले की येतो, आणि आता घरातले सगळे निजल्यावर तर दुसरं काही सुचतच नाही. आमच्याकडे यंदाचा नवा तांदूळ शिजू लागून महिना होत आला. हौशीनं चार वर्षांत भाताचं शीत तोंडात घातलेलं नाही. आणि त्याला कारण आहे मी लिहिलेलं एक वाक्य.

हौशी पोशेऱ्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या उतारावरच्या वीस घरांच्या पाड्यात राहते. वय तिला ठाऊक नाही; मी साठीच्या आसपास धरते. नवरा कधीच गेला. मुलगा झाला नाही. एकच लेक, लाडकी, ती दाभोशाला दिलेली. पुतण्या मंगळू शेजारीच राहतो. दोघं मिळून भात आणि नागली करतात. ठेंगणी, काटक बाई. कुणाचं बोलणं ऐकताना गवताची काडी दातात धरायची तिला सवय आहे. काडी आहे तोवर ती ऐकते आहे असं समजायचं. काडी टाकली की पाडा गप्प होतो, कारण आता हौशी बोलणार असते.

मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते एकोणपन्नास साली. संस्थान विलीन होऊन वर्ष झालं होतं, आणि पाड्यांवरच्या मुली जव्हारच्या शाळेत याव्यात म्हणून मी गावोगाव हिंडत होते. त्या पाड्यात पोचले तर देवजीच्या अंगणात माणसं जमलेली. त्याच्या मुलीला मागणी घालायला पलीकडच्या गावची मंडळी आली होती. मुलाकडून माघ्या नावाचा म्हातारा बोलत होता, आणि मुलीकडून हौशी. त्यांची बोली माझ्या मराठीहून वेगळी. इथं ती मला जमेल तशी लिहिते.

माघ्या म्हणाला, “देवजी, तुझ्या मांडवावर काकडीचा वेल चढलाय म्हणतात. आमच्या अंगणात वेल नाय. नुसता खांब उभा हाय उन्हात.”

हौशीनं काडी टाकली. “वेल हाय. कोंबडा आरवला का पसराया लागतो. पण तुमचा खांब म्हणं दुपारपर्यंत आडवा असतो?”

सगळं अंगण हसलं. मागं बसलेल्या नवऱ्या मुलानं गुडघ्यांत तोंड खुपसलं.

“रातभर पाऊस झेलतो गं आमचा खांब,” माघ्या म्हणाला. “दमतो बिचारा.”

“पाऊस जाऊन चार महिने झाले. अजून वाळला नाय होय?”

मी कोपऱ्यात उभी राहून ऐकत होते. तासभर हे चाललं. मुलगी हा शब्द एकदाही आला नाही, मुलगा हा शब्द आला नाही. वेल, खांब, वाळवी, कूड, पागोळी. मुलाच्या आईचा स्वभाव पागोळीत आला, थोरल्या भावाचं भांडण वाळवीत आलं. प्रत्येक बोलण्याला त्याच धाग्यातलं उत्तर द्यायचं, धागा तुटला की तो पक्ष हरला. नाशकात कॉलेजात असताना मी चोवीस अलंकार लक्षणांसकट घडाघडा म्हणत असे, आणि प्राध्यापक माझं कौतुक करीत. त्या अंगणात मला कळलं की मी पाण्याची लक्षणं पाठ केली होती. पोहणारी माणसं मी आज पाहत होते.

मग हौशी उठली. तिनं सागाचं एक पान आणून मधोमध मांडलं, त्यावर तांदळाचे पाच दाणे ठेवले आणि खाली बसली. अंगणातला हशा असा थांबला की मला वाटलं कुणी मेल्याची खबर आली.

“धोंडीबाय,” हौशी मुलाच्या आईला म्हणाली, “तुझा पोरगा उशिरा उठतो.”

“उठतो,” धोंडीबाई म्हणाली.

“आमच्या पोरीनं उठवला तर मारील?”

“नाय मारणार.”

“मारला तर?”

“पोरगी परत आणून सोडीन. मी सोडीन.”

हौशीनं पान उचललं आणि दाणे दोघींनी चावून खाल्ले. सोयरीक ठरली.

मी नंतर तिला विचारलं, पानापुढं एवढं सरळ बोलता येतं, तर आधी वेल-खांब कशाला? ती माझ्याकडं आडगावची पोर पाहावी तशी पाहत राहिली. तिकडं अहो-जाहो नाही, सगळ्यांनाच एकेरी. “बाय, एकदम कसं विचारू, तुझा पोरगा आळशी हाय का म्हणून? मारामाऱ्या होतील. आधी हसवायचं. हसला का माणसाचे कान उघडतात. पान मांडायच्या आधी काय बी बोल, चंद्र आणून दे, कोण विचारत नाय. पानापुढं मात्र जेवढं हाय तेवढंच. तिथं निघालेला शब्द परत गिळता येत नाय.”

मी घरी येऊन हे आमच्या मुरलीला सांगितलं. मुरलीधर माझा मोठा मुलगा, तेव्हा कॉलेजात होता. तो म्हणाला, “आई, हे तर तुझ्या वहीत नाही.” खरंच नव्हतं. अन्योक्ती होती, व्याजस्तुती होती, पण अलंकार कुठं थांबवायचा ते कुठल्याच पुस्तकानं मला सांगितलं नव्हतं. त्या आठवड्यात वर्गात अन्योक्ती शिकवताना मी पुस्तकातलं उदाहरण सोडलं आणि मुलींना खांबाची गोष्ट सांगितली. मागच्या बाकावर पाड्यावरून आलेली एक मुलगी होती, सुकी नावाची. वर्षभर तोंडातून शब्द न काढणारी ती उठली आणि म्हणाली, “बाई, खांब नाय म्हणायचा तिथं. मेढ म्हणायची. खांब म्हटलं का हरला.” त्या दिवसापासून सुकी बोलू लागली.

एक्कावन्न साली मुरली बी. ए. ची परीक्षा देऊन घरी आला आणि निकाल लागेपर्यंत त्याला तात्पुरतं काम मिळालं. पहिली निवडणूक व्हायची होती. मतदारांच्या याद्यांतून राहून गेलेली नावं घ्यायची होती. डोंगरातल्या बायकांची नावं फार राहिली होती, म्हणून मीही त्याच्याबरोबर जाई. पाड्यांवर आधी चार शब्द बोलायचे, मग नावं लिहायची. ते चार शब्द त्याला मी लिहून दिले. चार कसले, चांगली पंधरा मिनिटांची वक्तृत्वस्पर्धा होती ती. उपमा, रूपक, चढती भाषा, आणि शेवटी ऐकणाऱ्याच्या काळजाला हात घालणारा समारोप. मुरलीचा आवाजही चांगला. मला फार अभिमान वाटत होता, हे कबूल करते.

हौशीच्या पाड्यात तो बोलायला उभा राहिला. त्याचं मराठी सगळ्यांना कळेना, म्हणून हौशी शेजारी उभी राहून सांगत होती.

“आज तुमच्या दारात लोकशाहीचा सूर्य उगवला आहे!” मुरली म्हणाला.

“राज्य बदललं, ते सांगाया आलाय,” हौशीनं सांगितलं.

“शतकांच्या अंधाराच्या बेड्या गळून पडल्या आहेत!”

हौशी थांबली. काडी दातात फिरवली. “उजेड आला म्हणतोस का बेड्या तुटल्या म्हणतोस? एक धर बाबा.” मग लोकांना म्हणाली, “पुन्हा तेच सांगतोय. राज्य बदललं.”

ते वाक्य माझं होतं. रूपकात रूपक घुसलं की काय होतं ते मी वर्गात फळ्यावर लिहून शिकवते. माझे कान तापले.

“तुमचं मत ही तुमच्या हातातली तलवार आहे!”

मागं बसलेला बुध्या उठलाच. “तलवार आमाला कशाला? पोलीस धरतील.”

“तलवार नाय रं, कागद हाय,” हौशी म्हणाली. “अजून पान मांडलं नाय. बोलतोय तो. चांगलं बोलतोय. बस खाली.”

पंधरा मिनिटांचं भाषण तिनं सहा वाक्यांत पोचवलं, आणि महत्त्वाचं एकही अक्षर गळलं नाही. राजा आता आपण नेमायचा, पाच वर्षांनी बदलता येतो, बाईचंही मत बाप्याएवढंच, कुणाला दिलं ते सांगायचं नाही. इतकं सोपं ते मलाही लिहिता आलं नसतं.

पण नाव कुणीच सांगेना. देवजी म्हणाला, तीन वर्षांमागं लाकडाच्या एका ठेकेदाराचा माणूस असाच नावं लिहून घेऊन गेला होता. मग त्या यादीवर बोट ठेवून बारा जणांना पावसाळ्यापर्यंत रानात राबवलं. त्यातला तुका परत आला नाही.

हौशीनं काडी टाकली. सागाचं पान आणलं, दाणे ठेवले आणि मुरलीच्या समोर बसली. “आता सांग. या यादीवरून कोण कुणाला न्यायला येईल?”

मुरलीचा आवाज खाली आला. “कुणी नाही. ही यादी मताची आहे. तिच्यावरून कामाला नेता येत नाही.”

“नेलं तर?”

“मला कळवा. मी येईन.”

हे अगदी बरोबर झालं होतं. इथं थांबायला हवं होतं. पण समारोप राहिला होता, पाठ केलेला, आणि मुरली एकवीस वर्षांचा. त्यानं छातीवर हात ठेवला आणि माझं वाक्य म्हटलं, “मला परका समजू नका. मी याच पाड्याचा मुलगा आहे. हौशीबाई, मी तुमचाच मुलगा आहे.” मूळ वाक्यात ‘माता’ होतं, हौशीचं नाव त्यानं ऐन वेळी घातलं.

टाळी नाही, हसू नाही.

हौशी म्हणाली, “पुन्हा बोल.”

मला वाटलं, तिला ते गोड लागलं. मुरलीलाही तसंच वाटलं. त्यानं पुन्हा म्हटलं, आणखी मोठ्यानं. हौशीनं माझ्याकडं पाहिलं. मी हसून मान हलवली. मग तिनं पानावरचे दाणे उचलले, दोन त्याच्या हातावर ठेवले, तीन स्वतः खाल्ले. त्या दिवशी पाड्यातल्या सगळ्या बायकांनी नावं दिली. वाटेत मुरली म्हणाला, “समारोपाला टाळी नाही मिळाली, आई.” मी म्हटलं, “डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या.” पाणी वगैरे काही नव्हतं. मीच ते भरलं.

त्या वर्षी कापणी झाल्यावर मंगळू आमच्या दारात उभा. “नवं खायचं हाय. हौशीनं पोराला बोलवलाय.” त्यांच्याकडं नवा भात घरात आला की देवाला दाखवतात आणि घरचा मुलगा पहिला घास घेतो. त्याच्याआधी आईनं खायचं नसतं. पाच-सात घरांत मी ही रीत पाहिली होती, पण तिची गाठ माझ्या वाक्याशी पडेल हे मला सुचलंही नव्हतं. मुरली हसत गेला, केळीच्या पानावर जेवून आला. बावन्नला गेला, त्रेपन्नला गेला. मग मुंबईत कचेरीत नोकरी लागली. चोपन्नला मंगळू आला तेव्हा मी सांगितलं, त्याला रजा नाही. “बरं,” म्हणून तो परतला. पंचावन्नलाही तेच. छपन्नला तो आलाच नाही, यंदाही नाही, आणि मी मनाशी म्हटलं, विसरली असतील.

तीन आठवड्यांपूर्वी जव्हारच्या बाजारात लाडकी भेटली. आईला ताप येतोय, पाय सुजलेत, म्हणाली. मोखाड्याच्या डॉक्टरनं मऊ भात द्यायला सांगितलाय.

“मग देता ना?”

लाडकी माझ्याकडं बघत राहिली. “भात कसा खाईल? पोरगा कुठं आला?”

दुसऱ्याच दिवशी मी पोशेऱ्याची एस. टी. धरली. हौशी कुडाला टेकून बसली होती. शेजारी भाताची कणगी काठोकाठ भरलेली. चार सालं ती नागलीवर, वरईवर आणि रानातल्या कंदांवर राहिली होती. यंदा नागली रानडुकरांनी लोळवली, आणि कंद खणायला पाय उचलत नाहीत. मंगळूच्या बायकोनं पुढ्यात पातळ पेज ठेवली होती, वरईची.

मला रडू आलं, आणि रागही आला. मी म्हटलं, “हौशी, ते भाषण होतं गं. सभेतलं बोलणं. तुला कळायला नको?”

“मला बोलण्यातलं कळत नाय?” तिचे डोळे एकदम चमकले. “पन्नास लग्नं बोलली मी. तुझा पोरगा बोलला तवाच कळलं, तोंडपाठ हाय म्हणून. म्हणून तं बोलली, पुन्हा बोल. वाट दिली ना त्याला परत फिरायला.”

मी पदरानं डोळे पुसले.

“मंग तुझ्याकडं बघितलं. तू त्याची आई. बोलली असतीस, पोर हाय, चुकला, तर पान उचलून ठेवलं असतं. तू हसलीस.”

सहा वर्षांपूर्वीची ती दोन पळं मला पुन्हा दिसली. जिला मी समारोपाला भुललेली भोळी बाई समजले, तिनं एकवीस वर्षांच्या पोराला सर्वांसमोर, त्याचा पाणउतारा न करता, सुटायची दोन दारं उघडून दिली होती. दोन्ही आम्हीच लावून घेतली. त्यानंतर तिनं एकदाही तक्रार केली नव्हती.

“मग आता मी खाते त्याच्याऐवजी,” मी म्हटलं. “मी त्याची आई आहे. माझा घास चालेल.”

ती खो खो हसली, खोकला येईपर्यंत. “तू माझी पोर हायस होय गं? माझ्याहून तुझे केस पांढरे.”

“त्याच्याकडून पत्र आणते. लिहून देईल तो.”

“कागद कशाला? पानापुढचं पानापुढंच उतरतं. त्यानं यावं. खावं, नायतर नाय म्हणावं. मला राग नाय. नाय म्हटलं तर मी सांजच्याला भात शिजवीन.”

“आणि नाहीच आला तर?”

तिनं पेजेचं भांडं बाजूला सारलं. “मी नवं खाल्लं का त्याचा शब्द खोटा पडतो, बाय. मी खोटा पाडू? मुलगा म्हटलाय ना त्याला.”

मी तिच्या अंगणातून निघाले. एवढं आयुष्य मी शब्दांवर काढलं. अलंकार म्हणजे काय हे मी शेकडो मुलींना शिकवलं. शब्द जसा बोलला गेला तसा सहा वर्षं अंगावर वागवणारं माणूस मी ह्या डोंगराखेरीज कुठं पाहिलेलं नाही. आणि तो शब्द तिचा स्वतःचा नाही. माझ्या मुलाचा आहे.

घरी येऊन मी मुरलीला पत्र लिहिलं. ‘इकडं भात छान पिकला आहे. हौशी तुझी आठवण काढते. सवड झाली तर ये, पण नोकरीची ओढाताण करू नकोस.’ उत्तर आलं, ‘वाचून आनंद झाला. हौशीबाईंना नमस्कार.’ दुसरं लिहिलं, त्यात तिचा ताप ‘थोडी कणकण’ झाला. तिसऱ्यात मी नव्या भाताच्या वासाचं वर्णन केलं. चांगलं जमलं होतं. त्यानं लिहिलं, ‘आई, तू छापायला हवंस.’ मुलाला ओझं होऊ नये म्हणून मी प्रत्येक वाक्याला रेशीम गुंडाळते आणि आतली सुरी त्याच्या हाताला लागतच नाही. तो वाईट नाही. त्याला मी सांगितलेलंच नाही.

आज लाडकीचा निरोप आला. आई दोन दिवस उठली नाही.

हे म्हणाले, “मुलगी बघायची आहे असं कळव, धावत येईल.” तशानं तो येईलही. पण हौशीच्या समोर फसवून आणलेला मुलगा बसवायचा, हे मला जमणार नाही. मला भीती वेगळीच वाटते आहे. तो येऊन ‘नाही’ म्हणाला तर? तो मुंबईचा झाला आहे, हसेलसुद्धा. माझ्या मुलाच्या तोंडचा तो नकार मला ऐकावा लागेल, आणि हौशी शांतपणे भात शिजवायला सांगेल. तरीही तिच्या पोटात भात जाईल. तो आलाच नाही तर मात्र जाणार नाही.

टपाल कचेरी नऊला उघडते. मी सकाळी शाळेत चिठ्ठी पाठवणार आहे आणि मुंबईचा ट्रंक कॉल नोंदवणार आहे, त्याच्या कचेरीचा. साहेबांच्या टेबलावर फोन आहे; साहेब ऐकतील तर ऐकू देत. तीन मिनिटं मिळतात. बाबा कसे आहेत, थंडी किती आहे, यात तो पहिलं मिनिट घालवायला बघेल, ते मी घालवू देणार नाही. हौशी आजारी आहे, तुझ्या शब्दापायी तिनं चार वर्षं भात खाल्लेला नाही, आणि शनिवारी तू तिच्या घरी यायचं आहेस, हे आधी सांगेन. लाइन तुटली तर पुन्हा नोंदवीन.